‘येस सर’ म्हणजे कबूल नव्हे

मंडळी, मघापासून हा माईक माझ्याकडे येतोय आणि मी तो पुढे ढकलतोय. वकील मंडळी छान बोलली. त्यांना सवय आहे. मला नाही. मी जासईचा म्हात्रे. कंटेनर यार्डाच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो. आज ज्यांच्या शोकसभेला आपण जमलोय त्या कर्णिक वकिलांचा, म्हणजे आपल्या अप्पांचा, मी अशील. आणि अशील तरी कसला? माझी केस पनवेल कोर्टात कधी उभीच राहिली नाही.

माझा महेश जहाजावर खलाशी होता. अमेरिकेत जहाज बंदराला लागलेलं असताना बरोबरच्या माणसाशी त्याची बाचाबाची झाली. तो माणूस शिडीवरून पडला आणि गेला. महेश म्हणतो, मी त्याला धरायला गेलो होतो. मी बाप आहे, मला ते खरं वाटतं. तिथल्या पोलिसांना वाटलं नाही.

मी धावत अप्पांकडे आलो. म्हटलं, साहेब, तिकडचा कायदा सांगा. तर खेकसले माझ्यावर! “अहो म्हात्रे, मी पनवेलचा वकील. अलिबागच्या पुढचं मला काय कळतंय?” आणि दुसऱ्या दिवशी सत्तरीतला हा माणूस सायबर कॅफेत. अमेरिकेची घटना छापून आणली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि शिकवायला बसले. कुणाला? मला! नववी नापासाला!

“हे बघा, म्हात्रे. यांच्या घटनेला दुरुस्त्या आहेत. चौथी दुरुस्ती, कारणाशिवाय झडती नाही. पाचवी, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही. सहावी, वकील मिळणार. आपल्या घटनेतही हे आहे.” मी म्हटलं, मग सुटला की महेश! अप्पा म्हणाले, “घाई नको. खरी गोम पुढे आहे.”

गोम अशी होती मंडळी. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. तिकडे चालतो. फक्त आधी एक कार्ड वाचून दाखवायचं. तुला गप्प बसायचा हक्क आहे. बोलशील ते तुझ्याविरुद्ध वापरू. वकील माग, ऐपत नसेल तर सरकार देईल. एवढं कळूनही माणूस आपखुशीनं बोलला, की ते पक्कं.

महेशला कार्ड वाचून दाखवलं. महेश म्हणाला, येस सर. सही केली. मग साहेबानं विचारलं, भांडण झालं? येस सर. अंगाला हात लावलास? येस सर. ढकललंस? येस सर.

आता सांगा, आपण कसं ऐकतो? समोरचा बोलतो आणि आपण हो, हो करतो. पटलं म्हणून करतो का? ऐकतोय, तुम्ही बोला साहेब, एवढंच असतं ते. माझ्या पोरानं तेच ‘हो, हो’ इंग्रजीत केलं. आणि ते सगळं कॅमेऱ्यात.

तिथल्या सरकारनं महेशला मोफत वकील दिला होता, त्याला अप्पांनी चार पानी पत्र लिहिलं. मराठी माणसाचं ‘हो’ म्हणजे काय, यावर चार पानं! उत्तर आलं, पण फार उशीर झाला होता. महेशला तोवर सांगून झालं होतं, बारा ज्यूरींपुढे हरलास तर वीस वर्षं, आत्ता गुन्हा कबूल केलास तर आठ. पोरगा घाबरला. कबूल केलं. आणि एकदा कोर्टात कबूल केलं, की त्या कॅमेऱ्यातल्या जबाबावर भांडायचा हक्कही गेला. अप्पांनी ते आलेलं उत्तर मला वाचून दाखवलं आणि चष्मा काढून बसून राहिले. “म्हात्रे, मला जमलं नाही हो.” असं म्हणाले ते मला. माझी मान वर होईना.

मग अप्पांनी एकच प्रश्न विचारला. “अटक झाल्यावर त्याला फोन करू दिला असणार. तो कुणाला केला त्यानं?”

मी बोललो नाही. अप्पांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, “नका सांगू. गप्प बसायचा हक्क तुम्हालाही आहे. पण घरात किती दिवस वापरणार?” पुन्हा कधी विचारलं नाही. आठ दिवसांपूर्वी गेले. मी उत्तर दिलंच नाही.

माझी बायको, सुमन, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला मी सांगितलं होतं, जहाजावर लावणाऱ्या एजंटाचा फोन आला, पोराला धरलाय. महेश आता तुरुंगातून फोन करतो, तेव्हा ती दर वेळी विचारते, “तवा आयेला फोन का नाय केलास रे?” तो म्हणतो, नंबर आठवला नाही आई. मग ती दिवसभर जेवत नाही. म्हणते, पोरगा आयेला इसरला.

सुमन, तो विसरला नव्हता. त्यानं यार्डात मला फोन केला होता. रडत होता. म्हणाला, आईला दे. मी म्हटलं, ती घरी आहे, आणि तू रडू नकोस. पोलीस साहेब काय विचारतील त्याला हो म्हण, उलट बोलू नकोस, सोडतील. मीच शिकवलं त्याला. आणि तो तिथं बसून आजही माझं नाव घेत नाही.

हे मला कुणी विचारलेलं नाही. मी आपखुशीनं सांगतोय. अप्पा, उत्तर द्यायला उशीर केला, माफ करा. तुम्हाला माझा हात जोडून नमस्कार.

मंडळी, अप्पांसाठी दोन मिनिटं सगळे उभे राहू या. सुमन, तू बसून राहिलीस तरी चालेल.