बाबांच्या फोटोंची नावं

फोटो छापून देणाऱ्या दुकानाच्या रांगेत शिंपीणकाकूंच्या पुढेच बहीणभाऊ उभे होते. काकू मुद्दाम ऐकत नव्हत्या, पण कानावर येतंच.

"ताई, बाबांच्या कॉम्प्युटरवरचे सगळे फोटो काल नीट लावले. फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. एका झटक्यात सगळ्यांची नावं बदलली. फोटो एक, फोटो दोन, असं ओळीने."

"आणि आधीची नावं?"

"ती कसली नावं! 'ही थोरली, अंधाराला घाबरते.' 'हा धाकटा, लवकर रागावतो, लवकर विसरतो.' फाइलला असं नाव देतं का कुणी?"

"अरे, ती वाचून ते आपल्याला ओळखायचे."

"म्हणजे?"

"त्यांना आठवत नाही आता. तुला कळू द्यायचं नव्हतं त्यांना."

"ताई... ती नावं परत नाही येत गं. मी सॉफ्टवेअर बंद केलं."

"तरीच!"

"तरीच काय?"

"आज सकाळी त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि छान हसून म्हणाले, 'या, फोटो सत्तावीस.'"

"पुढचे कोण?" दुकानदाराने दोनदा विचारलं. तिघांपैकी कुणीच हललं नाही.