खडकावरचा टीव्ही

कस्टमर केअरचं मला नका सांगू राव, त्यांना मी टेकडी चढवलीय.

तळेघरकडं आमची वाडी. मोबाईल नवीनच आलेले तवा, आन् वाडीत रेंज कुठंच न्हाई, वरच्या टेकडीवर एका खडकापाशी तेवढी यायची. त्यात आमचा दोन महिन्यांचा टीव्ही बंद पडला. गॅरंटी व्हती, म्हणून खडकावर जाऊन कंपनीला फोन केला.

फोनवरची पोरगी म्हणाली, "मॅडम, टीव्हीसमोर उभं राहून फोन करा. त्याशिवाय तक्रार घेता येत नाही."

"बाई, टीव्ही घरात हाय आन् रेंज टेकडीवर."

"सॉरी मॅडम, नियम आहे."

तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी मी डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर टीव्ही घेतला आन् टेकडी चढले. खडकावर टीव्ही मांडून फोन लावला.

"हं, आता समोर उभी हाय. बोल."

"चालू करून बघा, मॅडम."

"वायर काय खडकात खुपसू?"

ती म्हणाली, "माणूस पाठवते. पत्ता सांगा."

"वाडीच्या वरचा खडक. टीव्ही आता हितंच ऱ्हाईल."

वर प्लास्टिक झाकलं. घरचे लई बोंबलले, पण मी टीव्ही हलवला न्हाई. दोन दिवसांनी मेकॅनिक वाडीत आला. त्याला घेऊन वर गेले. धापा टाकत त्यानं चारी बाजूंना बघितलं.

"मावशी, इथं लाईट कुठंय?"

"लाईट खाली घरात," मी म्हणलं, आन् चुंबळ त्याच्या हातात दिली.