बसवा की तेवढ्यात!

...आणि वर मलाच विचारतात, ‘मॅडम, तुम्हाला एवढी जागा लागते तरी कशाला?’ कशाला म्हणजे? अहो, चाकाला वर-खाली व्हायला! गाडी खड्ड्यात गेली की चाकानं खाली जायचं, उंचवट्यावर चढली की वर यायचं, आणि आत बसलेल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलता कामा नये... ही सगळी जबाबदारी माझी. छोट्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन! नुसती स्प्रिंग म्हटली तरी हातभर उभी, तिच्या पोटात उसळी आवरणारा शॉकअप, खाली चाक धरणारा आर्म, शिवाय स्टिअरिंग फिरवलं की चाक वळणार, त्याला जागा नको?

पण ऐकतंय कोण! आमचा तो इंजिनवाला. त्यानं इंजिन आडवं टाकलं, ते इकडनं तिकडपर्यंत पसरलं, आधी येऊन अख्खा सोफा अडवणाऱ्या पाहुण्यासारखं! म्हटलं, ‘अहो, जरा सरका की.’ तर म्हणतो, ‘चार बोटं जागा आहे ना? बसवा की तेवढ्यात!’ दुसरा तो चित्रकार. म्हणजे गाडीचं बाहेरचं रूप ठरवणारा. आम्ही त्याला चित्रकारच म्हणतो. त्यानं बॉनेट इतकं उतरतं काढलं, इतकं उतरतं... की माझी स्प्रिंग बॉनेट फोडून बाहेर! दाखवलं, तर डोळे मिटून म्हणतो, ‘मॅडम, ती रेघ वाहतेय हो... तिला अडवू नका. बसवा की तेवढ्यात!’ अरे, वाहतेय तर बादली लाव खाली!

तुम्हाला सांगते, मी स्प्रिंग आखूड केली. पहिल्याच खड्ड्यात खाडकन लोखंडावर लोखंड! तिरकी केली, तर टायर घासायला लागला. आणि साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, ‘पुढच्या चाचणीला मी स्वतः बसणार. धक्का जाणवला तर ही गाडी बंद!’ गाडी बंद म्हणजे आमचं अख्खं खातं बंद, कळलं का? मी हळूच म्हटलं, ‘साहेब, जागा...’ ‘बसवा की हो तेवढ्यात!’

अशात आला रविवार. घरी वॉशिंग मशीन बिघडलेलं, आणि भलंमोठं ब्लँकेट हातानं पिळायचं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सासूबाई. सासूबाईंची पकड म्हणजे काय सांगू, नटबोल्टचा पाना परवडला! ‘अगं, लक्ष कुठंय तुझं? पीळ जोरात!’ मी इकडे पिळतेय, त्या तिकडे उलट्या बाजूनं पिळतायत, ब्लँकेटचा पार दांडका झालाय... आणि माझ्या हातातनं टोक निसटलं! ते जे गरागरा उलटं फिरलं, सगळं पाणी सासूबाईंच्या तोंडावर! आणि एकदम मी किंचाळले, ‘पीळ! आई, पीळ!’

‘अगं, मग मघापासून मी काय सांगतेय!’

आलं का लक्षात? स्प्रिंग उभी हवीच कशाला! सरळ पोलादी दांडा घ्यायचा, गाडीच्या पोटाखाली लांब झोपवायचा. मागचं टोक बॉडीला घट्ट, पुढचं चाकाच्या आर्मला. चाक वर गेलं की दांड्याला पीळ बसणार, पीळ सुटला की चाक परत खाली! बॉनेटखाली उरला एक सडपातळ शॉकअप. इंजिन जिथल्या तिथं, रेघ वाहतेय तिथं वाहू दे! मी तशीच, ओल्या कपड्यांनी, टेबलाशी बसून चित्र काढायला लागले आणि सासूबाई मागून, ‘अगं, ते ब्लँकेट!’

चाचणीचा दिवस. चालवायला आमचा चाचणीवाला, शेजारी साहेब, मागे मी मुठी आवळून. पहिला खड्डा आला... काही नाही. गतिरोधक... काही नाही! दगडगोट्यांचा पट्टा आला, आणि साहेबांनी काय करावं? जांभई दिली! अहो, जांभई! चाचणीवाला आजवर कुणाला ‘बरं’ म्हणालेला नाही, तो आरशातून माझ्याकडे बघून चक्क हसला!

गाडी थांबली. अख्खं खातं रांगेत उभं. साहेब उतरले, म्हणाले, ‘पास!’ मला राहवेना. ‘साहेब, काय जाणवलं?’

‘काहीच नाही!’

काहीच नाही! अहो, सस्पेन्शनवाल्या माणसाला यापेक्षा गोड शब्द नाही हो जगात! मी पुढे झाले, हातबीत पुसून तयार... आणि साहेब माझ्या बाजूनं पुढे गेले, सीट बनवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, ‘वा! काय सीट बनवलीयस रे! धक्का म्हणून लागत नाही!’

टाळ्या! सगळ्यांच्या टाळ्या! मग काय करता... मीही वाजवल्या.