आठ जॅकेटांपैकी एक

जबाब. दि. ३ ऑगस्ट २०१३

नाव : नीला राजदीप शहारे, वय ३४ वर्षे, धंदा : नोकरी (ग्रामसेविका), रा. पिपरटोला, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मागील वर्षी आमच्या ग्रामपंचायतीस आपत्ती पूर्वतयारीच्या अनुदानातून आठ लाईफ जॅकेट व दोर मिळाला. साहित्य मूळ वेष्टनात व सीलबंद कुलपात ठेवून दर सहा महिन्यांनी फोटोसह अहवाल पाठवायचा, अशी अट आहे. अहवाल मंजूर झाल्यास दुसऱ्या टप्प्यात बोट मिळणार आहे.

मार्च महिन्यात रंगीत तालीम घेतली. गावच्या बचाव पथकातील माणसे प्लॅस्टिकमधील जॅकेट हातात धरून नाल्याच्या काठावर उभी राहिली. फोटो काढला. वेष्टन फोडू नये, असे मीच सांगितले होते. अहवाल मंजूर झाला.

दि. ३१ जुलै रोजी मी तालुक्याच्या बैठकीस गेले होते. दुपारी पथकातील यादोराव मेश्राम यांचा फोन आला. नाल्यापलीकडे धानाच्या रोवणीस गेलेल्या चार बाया परत येताना पुरामुळे मधल्या टेकाडावर अडकल्या होत्या. ते म्हणाले, "मॅडम, चाबी कोठी हाय?" मी म्हणाले, "चावी माझ्याजवळ आहे. दोन पंचांसमोर सील काढावे लागते. मी निघते." ते म्हणाले, "पंच का पोहून येतीन? पानी चढून राह्यलं." नंतर फोन बंद झाला. त्यांनी कुलूप तोडून साहित्य नेले.

मी पोहोचले तेव्हा तीन बाया काठावर होत्या. चौथी रुख्मा टेकचंद मेश्राम, वय ४०, ही यादोराव यांची भावजय. तिला जॅकेट घातले होते, पण खालचा पट्टा बांधलेला नव्हता. तो बांधायचा असतो हे काठावर कोणालाच माहीत नव्हते. मलाही नव्हते. धारेत जॅकेट डोक्यावरून निघून गेले व ती वाहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बंधाऱ्याजवळ प्रेत मिळाले. जॅकेट मिळाले नाही.

तालुक्याच्या कार्यालयातून मला सांगण्यात आले की, कुलूप तुटले आहे व एक नग कमी आहे, तरी तोडणाऱ्याचे नाव घालून चोरीची तक्रार द्यावी व तिची प्रत अहवालास जोडावी. प्रत नसल्यास अहवाल घेतला जाणार नाही व बोट येणार नाही.

आज बस बंद असल्याने मला यादोराव यांनीच मोटारसायकलने ठाण्यात आणले. ते बाहेर बसले आहेत. वाटेत ते म्हणाले, "लिहून टाका मॅडम माझं नाव. बोट तरी येईन गावात."

त्यांच्याविरुद्ध किंवा कोणाविरुद्धही माझी तक्रार नाही. प्रत मिळणार नाही, हे मला समजले आहे.

हवालदारांनी जबाब मोठ्याने वाचला. सुरुवातीला त्यांनी 'चोरीबाबत' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'वापराबाबत' असे लिहिले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी मी सांगितले तसेच आहे.