शाळा सुटताना

(मल्लेश्वरम, सकाळची कॉफीची वेळ. संहिताचा फोन ओट्यावर, स्पीकरवर. पलीकडे तिचा धाकटा भाऊ यशोवर्धन; अमेरिकेत, मिलवॉकीत, बायको वासंती आणि लहानग्या चंदनासोबत राहणारा तो नुकताच रात्रीचं जेवून उठलाय.)

संहिता : म्हणजे पोलिसांनी धरलं तुला?

यशो : पोलीस नव्हे गं अक्का, शाळेचा गार्ड. आणि धरलं नाही, विचारलं. तुमचं मूल कुठल्या वर्गात आहे म्हणून.

संहिता : मग?

यशो : म्हटलं, अजून कुठल्याच नाही.

संहिता : शाबास. डोक्यावर काय होतं?

यशो : माकडटोपी. थंडी किती आहे इथे.

संहिता : माकडटोपी घालून परक्या शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहिलास. मीसुद्धा हटकलं असतं.

यशो : अण्णा उभे राहायचेच ना? तुझ्यासाठी शाळा शोधताना, माझ्यासाठी शोधताना. म्हणायचे, शाळा सुटताना बघायची. भरताना सगळ्याच शाळा शहाण्या असतात.

संहिता : अण्णा हेडमास्तर होते. अख्खं मल्लेश्वरम ओळखायचं त्यांना. तुला तिथे कुत्रं तरी ओळखतं का?

यशो : पण उद्या घराच्या एजंटला हो की नाही सांगायचंय. इथे सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते. घर घेतलं की चंदनाची शाळा ठरली.

संहिता : वासंती काय म्हणते?

यशो : तिला गावाबाहेरचं नवं घर हवंय. तिथल्या शाळेला दहापैकी नऊ. मी उभा होतो त्या जुन्या वस्तीतल्या शाळेला चार.

संहिता : मार्क कोण देतं?

यशो : वेबसाइट.

संहिता : ती गेली होती का फाटकाशी?

यशो : चेष्टा नको. जुन्या वस्तीतलं घर मात्र बघण्यासारखं आहे. विटांचं, पणजोबांच्या काळातलं. खिडकीचा रंग बदलायचा तरी कमिटीची परवानगी लागते.

संहिता : आणि इथे मी लग्नाला म्हैसूरला जाऊन आले, तर समोरचा पद्मनाभरावांचा बंगलाच नाही. परवानगी कसली, पाडल्याची धूळसुद्धा खाली बसली होती.

यशो : तू काय म्हणतेस ते सांग. अण्णांना विचारलं असतं. आता तूच आहेस.

संहिता : स्वल्प थांब, दूध वर येतंय.

यशो : अक्का?

संहिता : आहे मी. अण्णांसारखं मला नाही सांगता यायचं, यशो.

यशो : तुझं तू सांग.

संहिता : सरी, बरं. गार्ड आला. पुढे?

यशो : प्रिन्सिपलबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं, बेंगळुरू, अण्णा, त्यांची शाळा. म्हणाल्या, मग बाहेर कशाला, आत येऊन उभे राहा.

संहिता : बरी दिसते बाई. मुलं कशी होती?

यशो : नुसता कल्ला. एकाचा बूट हातात. दोघी भांडत होत्या, पण हातमोज्यांचा एकच जोड, तो एकेक घालून.

संहिता : हसत होती?

यशो : बरीच. सगळी नाही.

संहिता : सगळी हसत असती, तर मी नको म्हटलं असतं.

यशो : मग फाटक रिकामं झालं. एक मुलगी राहिली, चंदनाएवढी. तिला न्यायला कोणी आलंच नाही.

संहिता : ऑफिसात बसवली असेल.

यशो : तिला बाहेरच थांबायचं होतं. तर बाई पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. बोलणं काही नाही. मुलगी डब्यात उरलेली द्राक्षं खात होती, त्यातलं एक बाईंना दिलं.

संहिता : अण्णांना घरी यायला उशीर व्हायचा, तो यासाठीच.

यशो : मला वाटायचं, मीटिंग असते.

संहिता : मीटिंगच ती. आई चिडायची, मला पाठवायची बोलवायला. मग मीही तिथेच बसायचे.

यशो : हे तू कधी सांगितलं नाहीस.

संहिता : तू विचारलं नाहीस. मग, निघालास ना तिथून? की तिथेच शेकोटी पेटवलीस?

यशो : निघालो. तिची आई आल्यावर.

संहिता : …वासंतीला फोन दे. मी बोलते तिच्याशी.