मशीन अजून हालते

...आन् वरून मलेच विचारते, "धनराजभाऊ, मशीन हालते का तुमीच हालता?" आता या आशाबाईले काय सांगाव, तुमीच सांगा! अवं बाई, मशीनवर मी बसतो, मशीन हालली का मी हालतो, मी हाललो का टोपी हालते... अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी, मले काय हालाची हौस आली?

हालते म्हणजे कशी हालते, तुमाले सांगतो. पहिल्या दिवशी खिशातली तंबाखूची डबी पडली. दुसऱ्या दिवशी चष्मा. तिसऱ्या दिवशी... जे दाढ काढाले मी दोन वर्षं डॉक्टरले भेऊन राह्यलो होतो ना, ते दाढ आपोआप ढिली झाली! संध्याकाळी क्वार्टरवर आलो, चहा मांडला, तं मशीन तिकडं शेडमधी बंद, आन् हात इकडं चालू! कप तोंडाकडं नेतो, तं चहा चालला कानाकडं!

हो हो, कोणती मशीन ते सांगाचंच राह्यलं. गवत कापाची. हातानं ढकलाची नाई, बसून चालवाची! चार चाकं, स्टेअरिंग, मांडीखाली खुर्ची, समोर बोनट, आन् पोटाखाली दीड हात लांब पातं गरगर फिरते. आमची खदान जोरात होती तवा एका साहेबानं आणली होती. त्या टायमाले दोनशे क्वार्टर भरलेले, ग्राउंडवर पोट्टे इतके का मशीन फिरवाले जागा भेटे नाई, माझ्या मागं मागं धावत. मग खदान बंद झाली, लोकं गेले. कोणी नागपूरले, कोणी कुठी. आता अकरा क्वार्टरात दिवा लागते. ग्राउंडवर खेळाले कुत्रं नाई, तरी गवत कापाच लागते. काऊन? तं कंबरेएवढं झालं का बिबट येऊन बसते. मागच्या साली गोलपोस्टाजवळ बसला होता, गोलकीपरसारखा!

तं मी आन् मशीन. एकोणीस वर्षं झाले. घरात बोलाले कोणी नाई, रीता, म्हणजे आमची घरची, जाऊन तीन वर्षं झाले. पोट्टा राजदीप पुण्याले, गाड्यांच्या कारखान्यात. दिवसभर मी बोलन तं मशीनसंगंच, आन् तेच मशीन असं अंगात आल्यावाणी हालाले लागलं तं माणसानं कोणाकडं पाहाव?

पहिले आला नानाजी. नानाजी म्हणजे आमचा गेटवरचा चौकीदार. जिंदगीभर ट्रॅक्टर चालवला, म्हणून जगात जितके चाकं फिरते तितके सगळे त्याले विचारूनच फिरते. "इंजिनच्या बोल्टा ढिल्या झाल्या बे! मी बसल्या जागी सांगतो." बसल्या जागीच सांगते, उठत कुठी! पाना घेऊन सगळ्या बोल्टा कसल्या. आधी इंजिन एकटं हाले, आता सगळी मशीन एकजुटीनं हालाले लागली!

मग आशाबाई आली, गेस्टहाऊसचा सैपाक टाकून. "भाऊ, नजर लागली हो तिले. लिंबू-मिरची बांधा." म्हटलं, बाई, आमी बुद्धाच्या धम्मातले लोकं, आमच्यात नाई चालत ते. तं म्हणते कशी, "तुमच्यात नसंल चालत, मशीन तं कंपनीची आहे!" बांधलं तिनं. पहिल्याच फेरीत दोरा तुटला, लिंबू-मिरची गेली पात्यात, आन् असा ठेचा उडला का मले दोन घंटे डोळे उघडता नाई आले.

शेवटी राजदीपले फोन केला. तशी आमच्याकडं फोनाची पद्धत ठरलेली. रविवारी सकाळी. "जेवलात का बाबा? तब्येत? पाऊस आहे का? बरं, ठेवू?" चाळीस सेकंद. मी घड्याळ लावून पाह्यलं, एकदा पंचेचाळीस झाले तं मले वाटलं याले बरं नाई का काय! पण मशीनचं नाव काढलं, आन् पोट्टा एकदम जागा झाला बाप्पा. "हालते? कधीपासून? बाबा, फोन ठेवू नका. उद्या एक वाजता माझी जेवणाची सुट्टी आहे, व्हिडिओ लावतो, मला दाखवा."

मला! पाच वर्षं झाले पुण्याले, 'मले'चं 'मला' झालं. होऊ दे. फोन तं ठेवला नाई ना!

दुसऱ्या दिवशी बराबर एक वाजता घंटी. "बाबा, आधी पात्याचा लिव्हर काढा. आता हालते का?" नाई हालत. "आता लावा." हालली! "मग इंजिनात काही नाही बाबा, खराबी खाली आहे, पात्याकडे." पाहा! नानाजीची डाक्टरकी तिथीच संपली. तिसऱ्या दिवशी पट्टा पाह्यला, चिरला होता का, नाई. चौथ्या दिवशी बेअरिंग. "आधी प्लगची वायर काढा. काढली? दाखवा. हाताला कापड गुंडाळा. गुंडाळलं? दाखवा." लहानपणी मी त्याले सायकल शिकवत होतो ना, तसाच आवाज. मलेच रागावते! आन् एका हातानं तिकडं डबा खाऊन राह्यला. मीबी मग डबा घेऊन जाऊ लागलो. तो तिकडं पोळी मोडे, मी इकडं मशीनवर बसून वरण-भात कालवो. "काय भाजी आहे बाबा?" म्हटलं, कोचईच्या पानाची, तिकडं अळू म्हणते ते. तं हातातली पोळी खाली ठेवली त्यानं. मग म्हणते, "आई करायची तशी?" म्हटलं, तशी कुठून येईन बाबू. सव्वीस मिनिटं झाले त्या दिवशी! तुमाले सांगतो, मले त्या दिवशी भात किती खाल्ला याचं भान नाई राह्यलं.

पण मशीन हालते. हालते म्हणजे... बरं, ते सांगितलं तुमाले.

आता खरी गोष्ट ऐका, आन् नानाजीले सांगू नका. पाचव्या दिवशी सकाळी मीच पातं काढलं. त्याच्या मधात जो छेद असते ना, तो भिंतीच्या खिळ्यावर अडकवला. तराजू असते तसं सरळ राह्याले पाह्यजे ते. तं काय? एक बाजू धाडकन खाली! नीट पाह्यलं तं एका टोकाले धार, चांदीवाणी चमकते, आन् दुसरं टोक बोथट, जाडं, जसंच्या तसं. डोकशात उजेड पडला. मशीन हालाच्या आधल्या बाजारातच सुकलू लोहाराकडून धार लावून आणलं होतं मी! तसाच गेलो त्याच्याकडं. म्हटलं, सुकलू, हे काय करून ठेवलं बे? तं भाता न सोडता म्हणते, "काऊन? लावली ना धार, चांगली लावली." अरे पण एकाच टोकाले! "तं भाऊ, विळ्याले कितीक बाजूनं धार असते? दोन्हीकडून लावली तं धराचं कुठी?" आता त्याचं काय चुकलं? त्याच्या बापानं विळे केले, आज्यानं विळे केले, गवत कापाची वस्तू म्हटली का त्याले धराची बाजू सोडाच लागते. मीबी आणताना पाह्यलं नाई, मलेबी तसंच बरोबर वाटलं!

बसलो तिथीच, दुसऱ्या टोकाले धार मारून घेतली. खिळ्यावर अडकवलं, सरळ. मशीनले लावलं, चालू केली... काय सांगू! हालणं नाई, खडखड नाई, एकोणीस वर्षाआधी आली होती तशीच. सगळ्या ग्राउंडले दोन फेऱ्या मारल्या. कोणी पाहाले नव्हतं, पण मारल्या.

आन् एक वाजला. घंटी. "हां बाबा! आज कशी आहे?"

तुमाले सांगतो, तोंडात 'सुधरली' होतं, इथी, जिभेवर. पण 'सुधरली' म्हटलं का मग? "अरे वा! बरं बाबा, ठेवू?" आन् पुन्हा रविवार. पुन्हा चाळीस सेकंद. सागाच्या झाडाखाली मी, डबा आन् अकरा क्वार्टर.

म्हटलं, "हालते ना बाबू. अजून हालते."

एकदा बोललो तं निभवाच लागते. तो म्हणे, "दाखवा." आता चांगली मशीन कशी हालवाची? तं मीच फोन हालवाले लागलो! डाव्या हातात फोन, असा थरथर थरथर, उजव्या हातानं घास. नऊ दिवस! नऊ दिवस मी मशीनले ज्या बीमाऱ्या लावल्या ना, त्या कोण्या पुस्तकात नसंल. कधी टायरात हवा कमी, कधी खुर्चीची स्प्रिंग. मनगट सुजलं. आशाबाई म्हणे, "भाऊ, मशीन तं मस्त चालते, हात काऊन बांधला?" म्हटलं, वात आहे.

परवा बराबर एक वाजता बसलो. मशीन चालू, पातं चालू, मांडीवर डबा, बोनटवर पाण्याचा गिलास, काठोकाठ, रोज ठेवतो तसा. फोन आला, हालवून राह्यलो... आन् तो एकदम फोनाजवळ तोंड आणून पाहाले लागला. म्हटलं, बाबू? काय झालं? तं हळू आवाजात म्हणते, "बाबा, तो गिलास दाखवा बरं."

माझा हात थांबला ना! पाह्यलं तं मशीन धडधडीत चालू, आन् गिलासातलं पाणी... एक थेंब सांडला नव्हता. नऊ दिवसात मले एकदाबी सुचलं नाई! दाखवला. काय करतो? बापाचं बिंग बापाच्याच गिलासानं फोडलं. फोन डब्यावर ठेवला, मान खाली घातली, म्हटलं आता हासंल नाईतं रागावंल, आन् दोन्हीनं माझा एक वाजताचा फोन गेला.

मग त्याचा आवाज आला.

"लयच हालते ना बाबा."

म्हटलं... हो.

"एका दिवसात नाई व्हाचं हे. जुनी मशीन आहे. रोज पाहा लागंन. एक वाजता लावत जातो मी." आन् ठेवता ठेवता म्हणते, "आन् बाबा, उद्यापासून गिलास नका ठेवू तिथी. इतकी हालते, पाणी सांडंन ना."

तवापासून बिनापाण्याचा जेवतो मी. आज दोनदा ठसका लागला, ठसक्यानं फोनबी हालला. पोट्टा म्हणे, "पाह्यलं? आज तं जास्तच आहे." म्हटलं, हो बाबू... आज जरा जास्तच आहे.