नऊ नंबरच्या खाटेची भिंत

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर कृष्णनाथ, व्यासपीठावर बसलेले आपले दुरुस्तीचे इंजिनिअर रघुनाथबाब, माझ्या नर्सभगिनी, वॉर्डबॉय मंडळी, आणि कोरगावाहून टेम्पो करून आलेली माझी सगळी माणसं,

चौतीस वर्षं ह्या घरात इंजेक्शनं देत आले, आज निवृत्त होतेय, भाषण मात्र एकदाही केलं नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

मघाशी रघुनाथबाबांनी ह्या वास्तूचं फार सुंदर वर्णन केलं. शिंपल्यांची तावदानं, राजांगणातले दगडी खांब, तो रुंद जिना. खरंच, भाटकारांनी, म्हणजे आमच्या जमीनदारांनी, घर बांधावं तर असं! पण त्या जिन्यावरून स्ट्रेचर चढवताना आमचं कंबरडं मोडतं, ते कोण सांगणार? गोवा मुक्त झाल्यावर भाटकारांनी घर इस्पितळाला दिलं. त्यांच्या माडीवरच्या निजायच्या खोलीत बायकांचा वॉर्ड झाला, आणि त्यांचा पलंग होता तिथं आमची नऊ नंबरची खाट आली.

त्या खाटेचं नाव वाईट. डॉक्टर नातेवाइकांना खाली बाल्कांवात, दारासमोरच्या दगडी सोप्यावर बसवून खरं काय ते सांगायचे, आणि त्याच संध्याकाळी वर नऊ नंबरची बाई भिंतीकडे तोंड करायची. जेवण बंद, बोलणं बंद. आम्ही देवाला गाऱ्हाणंसुद्धा घालून बघितलं.

एकोणऐंशी साली माझी आई त्या खाटेवर होती. खाट मीच दिली, वारा चांगला येतो म्हणून. नर्स मी, मला कसलं भय! डॉक्टरांनी मला खाली सोप्यावर बसवलं आणि आजाराचं नाव सांगितलं. तेव्हा कुठली नर्स नि कुठलं काय. हुंदके देत विचारलं, "आनी किती दीस?" डोळे पुसून, तोंड हसरं करून वर गेले, तर आई म्हणाली, "बाय, रडू नको. माका सगळां आयकूंक आयलां."

डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. ती चौथ्या दिवशी गेली.

मग मी ती भिंत चाचपली. उशीपाशी करंगळी जाईल एवढं भोक, आत मातीची नळी, थेट खालच्या सोप्यापर्यंत उतरलेली. कुळं खाली बसून काय कुजबुजतात ते भाटकार पडल्या पडल्या ऐकायचे! मी जयराम गवंड्याला बोलावलं आणि दोन्ही तोंडं चुन्यानं बुजवून घेतली. कुणाला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

पण पुढं ऐका. पुढच्या वर्षी त्या खाटेवरच्या ताराबाईंनी मला विचारलं, "सिस्टर, खाली कोण रडता? किती दीस, किती दीस, असां विचारता." मी धावत खाली गेले. सोप्यावर कुणी नव्हतं. तेव्हापासून अकरा बायांनी मला हेच विचारलंय, आणि शब्द तेच. एकीनं तर माझ्याकडे टक लावून म्हटलं, "आवाज तुझ्यासारखो गो." मांजर असेल, म्हणून मी सगळ्यांना गप्प केलं.

रघुनाथबाब, हसू नका. उद्या तुमची माणसं त्या भिंतीला टाइल्स लावणार. त्याआधी त्या नळीची दोन्ही तोंडं मोकळी करा. माझाच प्रश्न आत अडकलाय. अध्यक्षमहाराज, जाणाऱ्या बाईची एवढी एकच मागणी आहे.

शाल घातलीत, नारळ दिलात, चार शब्द मायेनं बोललात; मन भरून आलं. कुणाला सुई जोरात टोचली असेन, कुणावर खेकसले असेन, आज काही कमीजास्त बोलले असेन, ते सगळं पोटात घाला.

उद्या सकाळी मी खाली सोप्यावर येऊन बसेन. त्या दिवशी म्हणायला हवं होतं ते म्हणेन: "आई, सोमारा आमी घरा वचूया." सोमवारी घरी जाऊया, एवढंच. तेवढा वेळ नऊ नंबरवर कुणाला तरी निजवून ठेवा. वर ऐकू आलं की नाही, तेवढं मला येऊन सांगा. नमस्कार.